ॲनिमेटरला सेटवर येऊ द्या, पण त्याला बढती म्हणू नका

२०२५ च्या जूनमध्ये 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' परत आला, यावेळी खऱ्या माणसांना घेऊन, आणि दिग्दर्शक तोच, डीन डेब्लुआ, ज्याने २०१० साली क्रिस सँडर्सबरोबर मूळ ॲनिमेशनपट केला होता. त्याचा हा पहिलाच लाईव्ह ॲक्शन सिनेमा. जगभरात ६० कोटी डॉलरच्या वर गेला, आणि तेव्हापासून आमच्या ॲनिमेशनवाल्या मंडळींमध्ये ॲनिमेटरने लाईव्ह ॲक्शन करावं की नाही असा जो वाद पेटलाय तो विझायचं नावच घेत नाही. एक बाजू म्हणते, बघा, कार्टून काढणारे लोक फार तर स्वतःचंच जुनं चित्र परत गिरवतील, जिवंत नट समोर उभा केला की यांची बोबडी वळते. दुसरी बाजू म्हणते, अरे ज्याला स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमा शॉटगणिक चित्रांत मांडणं, येतो त्याला दिग्दर्शन येतंच, द्या कॅमेरा हातात. आणि तिसरी, सगळ्यात जास्त ऐकू येणारी, म्हणते चला, एकदाचा हा माणूस 'खऱ्या' सिनेमात आला. मी नऊ वर्षं ॲनिमेशनमध्ये काढली, त्यातली पाच स्टोरीबोर्डवर आणि ॲनिमॅटिकवर, म्हणजे ती चित्रं वेळेवर बसवून केलेल्या कच्च्या सिनेमावर, नंतर दोन मराठी सिनेमांना सहाय्यक म्हणून उभी राहिले आणि एक छोटी फिल्म स्वतः केली. तिन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचा त्रास होतो, कारण या भांडणात नुकसान होतंय ते स्टुडिओत बसून रात्री स्वतःची गोष्ट लिहिणाऱ्या मुलामुलींचं, ज्यांना कुणी नीट सांगतच नाही की पुढे जायचं तर नक्की काय शिकावं लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ॲनिमेटरने लाईव्ह ॲक्शनकडे जरूर जावं आणि निर्मात्यांनी त्याला दार उघडावं. नटांशी कसं बोलायचं ही त्याची खरी अडचण नाहीये, ते त्याला इतरांइतकंच येतं, कधीकधी जास्त. त्याची अडचण वेळेची आहे. आयुष्यभर जो माणूस एक सेकंद आठवडाभर घासू शकतो त्याला अचानक एक अख्खा सीन सूर्य मावळायच्या आत संपवायचाय, आणि जे झालं ते झालं, परत दुरुस्त करता येणार नाही. हा फरक समजून घेतला तर बाकीचं भांडण बरंचसं आपोआप मिटतं.

आधी नटांचा मुद्दा घेऊ, कारण तोच सगळ्यांच्या तोंडी असतो. मला एका निर्मात्याने तोंडावर विचारलं होतं, तुम्ही कार्टूनवाले ना, तुमची पात्रं तुम्ही सांगाल तशी हलतात, माणसं कशी सांभाळणार? प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो. पण ॲनिमेटर दिवसभर करतो काय हे त्याला माहीत नव्हतं. एखाद्या म्हाताऱ्या पात्राने खुर्चीतून उठायचंय एवढाच शॉट असेल तरी ॲनिमेटर आधी स्वतः खुर्चीत बसतो, मोबाईल समोर लावून दहा-पंधरा वेळा उठतो, गुडघ्यावर हात कुठल्या क्षणी टेकतो ते बघतो, आधी नजर जाते, मग मान, मग खांदे, मग शरीर, हा क्रम बघतो, आणि मग त्या पात्राला उठावंसं वाटतंय की नाही हे ठरवतो. कारण मनाविरुद्ध उठणारा माणूस आणि आनंदाने उठणारा माणूस यांचा पहिला अर्धा सेकंद वेगळा असतो. हे सगळं अभिनयच आहे, फक्त हळू केलेला. आमच्या स्टुडिओत टेबलावर आरसे ठेवलेले असायचे, लिप सिंक करताना लोक आरशात स्वतःचे ओठ बघत तेच वाक्य शंभरदा म्हणायचे. ज्या माणसाने वर्षानुवर्षं हे केलंय तो नटाला 'जरा अजून इमोशन द्या' असं मोघम सांगत नाही, तो सांगतो की बातमी कळल्यावर लगेच वर बघू नका, आधी हातातलं काम थांबू दे. नटाला अशी सूचना हवीच असते.

आणि हा प्रश्न एकाच दिशेने का विचारला जातो हे मला खरंच कळत नाही. जॉर्ज मिलरने 'हॅपी फीट' केला २००६ मध्ये, गोर व्हर्बिन्स्कीने 'रँगो' केला २०११ मध्ये, गिलेर्मो देल तोरोने 'पिनोकिओ' केला २०२२ मध्ये, तिन्ही सिनेमांना ऑस्कर मिळालं, आणि तिघेही मुळात लाईव्ह ॲक्शनवाले. तेव्हा कुणी विचारलं का की अहो तुम्हाला एक रेष तरी ओढता येते का? उलट तोच मिलर 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' करताना अगदी ॲनिमेशनवाल्यांसारखा वागला, साधारण ३५०० चित्रांचा स्टोरीबोर्ड भिंतींवर लावून सिनेमा आधी चित्रांत उभा केला, नेहमीसारखी पटकथा त्यामागून आली. म्हणजे लाईव्हवाल्याने आमची पद्धत उचलली तर ती दूरदृष्टी, आणि आमच्यातला कुणी तिकडे गेला तर तो परका. एडिटर दिग्दर्शक होतो, कॅमेरामन होतो, नट तर रोज होतात, त्यांच्याकडे कुणी प्रवेशपत्र मागत नाही.

आता पहिल्या, विरोधातल्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करते. अँड्र्यू स्टँटन. 'फाइंडिंग निमो' आणि 'वॉल-ई' करणारा माणूस, गोष्ट सांगण्यात त्याच्या पिढीत त्याच्या बरोबरीचे फार थोडे. त्याने २०१२ मध्ये मंगळावर घडणारा 'जॉन कार्टर' केला, खर्च २५ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि रिलीज होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा डिस्नेने जाहीर केलं की यात सुमारे २० कोटी डॉलरचं नुकसान धरून चाला. हे उदाहरण दिलं की आमची बाजू गप्प होते. मी गप्प होत नाही, पण मला वाटतं हे नीट बघायला हवं. पिक्सारमध्ये, म्हणजे स्टँटनच्या ॲनिमेशन स्टुडिओत, सिनेमा कसा होतो? आधी अख्खा सिनेमा कच्च्या चित्रांत आणि तात्पुरत्या आवाजांत बनवतात, थिएटरमध्ये लावून बघतात, रद्दी निघाला की मोडतात आणि परत बनवतात, असं तीन-चार वर्षं चालतं. त्या पद्धतीत पहिल्या वर्षी सिनेमा वाईट असणं हे अपेक्षितच असतं, चूक स्वस्त असते, कागदावर असते. हीच सवय घेऊन माणूस मोठ्या सेटवर आला तर चूक कागदावर राहत नाही, ती तीनशे माणसांच्या जेवणासकट, जनरेटरच्या डिझेलसकट, नटांच्या तारखांसकट पडद्यावर जाते. स्टँटननेही नंतर रिशूट केलं, पण रिशूट म्हणजे काही कच्च्या चित्रांचा नवा सिनेमा नाही, ती जखमेवरची पट्टी असते. नट न सांभाळता आल्याने तो सिनेमा पडला असं मला वाटत नाही. परत परत करून सुधारायची सवय असलेल्या माणसाला एकदाच करायचं काम, तेही एवढ्या अवाढव्य आकाराचं, पहिल्याच फटक्यात दिलं गेलं, माझ्या मते गफलत तिथे आहे.

कारण त्याच्याच स्टुडिओतला ब्रॅड बर्ड फक्त काही महिने आधी, २०११ मध्ये, 'मिशन इम्पॉसिबल : घोस्ट प्रोटोकॉल' घेऊन आला आणि तो तोपर्यंतचा त्या मालिकेतला सगळ्यात जास्त कमाईचा सिनेमा ठरला. त्याचाही लाईव्ह ॲक्शनमधला हा पहिलाच. मग एकाच गावच्या दोन माणसांची अशी वेगळी गत का झाली? एक तर बर्डला चौकट आयती मिळाली होती, चौथा भाग होता, लोकांना पात्रं माहीत होती, स्वतः निर्माता असलेला नट पाठीशी होता. त्याला अख्खा नवा ग्रह उभा करायचा नव्हता. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुबईतल्या बुर्ज खलिफाचा तो सीन परत बघा. काचेची उभी भिंत, चिकटणारे हातमोजे, निळा दिवा म्हणजे चिकटतंय, लाल म्हणजे मेलात, आणि मध्येच एक हातमोजा दगा देतो. खरा माणूस खऱ्या इमारतीवर लटकलाय, सुरक्षेच्या दोऱ्या नंतर पुसल्यात, हे तर आहेच, पण आपला श्वास अडकतो तो शरीराचं वजन जाणवतं म्हणून, आणि प्रत्येक क्षणी तो माणूस कुठे आहे, किती वर जायचंय, कुठल्या हातावर भार आहे हे आपल्याला स्वच्छ कळतं म्हणून. ॲनिमेशनच्या पात्राला स्वतःचं वजन नसतं, ते ॲनिमेटरला फ्रेमगणिक घालावं लागतं, आणि ज्याने आयुष्यभर बिनवजनाच्या गोष्टींना वजन दिलंय त्याला खऱ्या वजनाचं मोल बरोबर कळतं.

जागेचं तसंच. ॲनिमेशनमध्ये आयती खोली मिळत नाही, दार कुठे, खिडकी कुठे, उजेड कुठून येतो, पात्र आत आलं की डावीकडे वळेल का उजवीकडे, सगळं शून्यातून ठरवावं लागतं, म्हणून त्या खोलीचा नकाशा ॲनिमेटरच्या अंगात भिनलेला असतो. मला गंमत वाटते की ॲनिमेशनमधून आलेल्या दोन आशियाई दिग्दर्शकांचे सगळ्यात गाजलेले लाईव्ह सिनेमे बंदिस्त जागांवर उभे आहेत. कोरियाचा यॉन सांग-हो, ज्याने आधी कमी पैशांत शाळेतल्या छळावर आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीवर ॲनिमेशनपट केले होते, त्याने २०१६ मध्ये 'ट्रेन टू बुसान' केला. एक आगगाडी, एकामागून एक डबे, आणि डब्यांमधली दारं. एकट्या कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी तो थिएटरात बघितला. जपानचा हिदेआकी आन्नो, 'इव्हँगेलियन' या ॲनिमेशन मालिकेचा कर्ता, त्याने त्याच वर्षी शिंजी हिगुची या साथीदाराबरोबर 'शिन गॉडझिला' केला, ज्यात राक्षसापेक्षा जास्त वेळ मीटिंगच्या खोल्या आहेत, साहेबलोक भराभरा बोलतायत, फाइली फिरतायत, निर्णय कुणी घ्यायचा यावर खल चाललाय. २०११ च्या भूकंपानंतर सरकार कसं वागलं होतं हे जपानी प्रेक्षकाला लगेच आठवलं. त्या देशाच्या अकादमीने त्याला उत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन दोन्ही दिलं. टेबल, खुर्च्या, फोन आणि बोलणारी तोंडं एवढ्यावर हा सिनेमा धावतो, आणि तरी म्हणायचं यांना माणसं जमत नाहीत?

जुनी उदाहरणंही ढीगभर आहेत. फ्रँक टॅशलिन वॉर्नरची कार्टून्स करून १९५० च्या दशकात विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक झाला, टेरी गिलियम मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळात कागद कापून ॲनिमेशन करायचा, टिम बर्टन डिस्नेत चित्रं काढत होता. पण मला इतक्या लांब जायची गरजच वाटत नाही, आपलंच घर बघू.

भारतातला पहिला कथापट करणाऱ्या माणसाने त्याआधी काय केलं? दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पैसे कुणी देईना, तेव्हा त्यांनी वाटाणा पेरला, कॅमेरा समोर लावला आणि तो कोंब रोज थोडा थोडा, एकेक फ्रेम करून टिपत राहिले. 'अंकुराची वाढ'. महिनाभर चाललेलं ते उगवणं मिनिटभरात बघून माणसं थक्क झाली आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळायची वाट मोकळी झाली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमने सरकवून. म्हणजे ज्याच्या नावाने आपण देशातला सगळ्यात मोठा सिनेमाचा पुरस्कार देतो तो माणूस फ्रेम मोजत मोजत नटांपर्यंत आला. त्यांना कुणी विचारलं का की तुम्ही वाटाण्यावाले, तारामतीचं काम कसं करून घेणार? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, नावातच पेंटर, शूटिंगच्या आधी वेशभूषा आणि हालचाली चितारून ठेवायचे, आणि व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

आणि नट सांभाळण्याचाच दाखला हवा असेल तर १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. प्रभातमध्ये मोठा दिग्दर्शक म्हणून नाव होतं शांतारामांचं, पण हा सिनेमा केला दामले आणि फत्तेलाल यांनी, एक ध्वनीचं बघायचे, दुसरे चित्रकार, कलादिग्दर्शक. आजच्या भाषेत दोघेही टेक्निकल डिपार्टमेंटचे. त्यांनी विष्णुपंत पागनीसांकडून जे काम करून घेतलं ते नव्वद वर्षांनंतरही बघताना अंगावर काटा येतो, नाटकी आवाज नाही, हातवारे नाहीत, देहू जसं असेल तसं. मुंबईत सिनेमा वर्षाहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने दखल घेतली. नटाला शांतपणे असू देणं हे बोलघेवड्या दिग्दर्शकापेक्षा बघणाऱ्या माणसाला जास्त जमतं असं मला कधीकधी वाटतं, आणि चित्रकाराचा पेशाच बघण्याचा.

थेट ॲनिमेशनमधून आलेला माणूस हवा? भीमसेन. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात पार्श्वभूमी रंगवायला लागले, तिथे शिकले, मग स्वतःच्या फिल्म्स केल्या. 'एक चिडिया, अनेक चिडिया' म्हणत दूरदर्शनसमोर बसलेली एक अख्खी पिढी आहे, ती फिल्म विजया मुळे यांच्या लेखणीतून आणि भीमसेन यांच्या हातातून आली, १९७४ मध्ये. तीनच वर्षांनी याच माणसाने 'घरौंदा' केला. अमोल पालेकर, जरीना वहाब, डॉ. श्रीराम लागू. मुंबईत दोन साधी नोकरदार माणसं फ्लॅटसाठी पै पै साठवतात, बिल्डर बुडवतो, आणि मग म्हाताऱ्या साहेबाचं स्थळ हा त्यांच्या घराचा रस्ता होऊ शकतो का असा भयंकर विचार त्या मुलाच्या मनात येतो. यात एक पक्षी नाही, एक गंमतशीर आकार नाही, कार्टूनची म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण नाही. लागूंना त्या कामासाठी फिल्मफेअर मिळालं. 'दो दीवाने शहर में' आजही भाड्याची खोली शोधणारा प्रत्येकजण गुणगुणतो, पण ॲनिमेटरला माणसं कळत नाहीत म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की हा सिनेमा एका ॲनिमेटरचा आहे?

तरी एक मुद्दा राहतो आणि तो आपल्याकडचा असल्यामुळे जास्त बोचतो. आपल्या इथली बहुतेक ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स इंडस्ट्री बाहेरच्या कामावर चालते. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर, कुठेही जा. मुलगा सहा महिने परदेशी हीरोच्या केसांभोवती रोटोची, म्हणजे त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढणारी, रेघ ओढत असतो, सिनेमाचं खरं नावही त्याला सांगितलेलं नसतं, सीनच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे हे विचारायची सोय नसते. शॉट येतो, करायचा, रिटेक येतो, परत करायचा, अप्रूव्ह झाला की पुढचा. अशा माणसाने म्हणावं की मी नऊ वर्षं सिनेमात आहे, आता दिग्दर्शन करतो, तर ते पटणार नाही आणि पटूही नये. स्टोरीबोर्डवालेही यातून सुटत नाहीत. आपल्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या फिल्ममध्ये, देखणे शॉट असतात, पण शॉट म्हणजे सीन नव्हे. कुणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, सीन संपल्यावर काय बदललं, हे शोरीलमध्ये दिसत नाही. मी स्वतः पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा माझ्याकडे वीस सुंदर फ्रेम होत्या आणि गोष्ट नव्हती. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पण मग लाईव्हमध्ये आपण ज्याला रीतसर मार्ग म्हणतो तो कसा असतो तेही बघा. चौथा सहाय्यक म्हणून लागायचं, दोन वर्षं कंटिन्यूटीचे कागद भरायचे, मागच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता ते लिहायचं, ज्युनिअर आर्टिस्टची गर्दी इकडून तिकडे वळवायची, नटाला व्हॅनमधून बोलावून आणायचं. त्या पोरालाही कुणी गोष्ट विचारत नाही. फरक एवढाच की तो सेटवर उभा असतो, त्याला चुका होताना दिसतात, उजेड जाताना दिसतो, दिग्दर्शक कोंडीत सापडल्यावर काय सोडून देतो हे दिसतं. ॲनिमेटरला नेमकं हेच बघायला मिळत नाही, आणि ते बघायला सहा वर्षं लागत नाहीत, एखाद-दोन सिनेमे पुरतात, जर त्याला सिनियर म्हणून वागवलं आणि मॉनिटरजवळ उभं राहू दिलं तर. आमच्याकडचे निर्माते काय करतात, ॲनिमेटरला बोलावतात, फुकटात स्टोरीबोर्ड काढून घेतात आणि शूटिंगच्या दिवशी त्याला सेटवर बोलवायचं विसरतात. मी हे दोनदा भोगलंय. बोर्ड काढणारी व्यक्ती सेटवर हवी, कारण ठरवलेलं मोडतं तेव्हा ते का ठरवलं होतं हे फक्त तिलाच माहीत असतं.

माझ्या छोट्या फिल्ममधला एक प्रसंग सांगते. वाईजवळच्या एका जुन्या घरात शूट करत होतो, एकच दिवस, संध्याकाळचा ओसरीवरचा सीन. म्हातारी आई तांदूळ निवडतेय, शेजारचा मुलगा येऊन सांगतो की तुमचा मुलगा या दिवाळीलाही येत नाहीये. माझ्या बोर्डवर ती तिसऱ्या वाक्याला उठून आत जाते, पाठमोरी, दारात अंधार. ॲनिमॅटिकमध्ये मी ते उठणं फ्रेमवर मोजून बसवलं होतं, मला ते पाठ होतं. तालमीला आईचं काम करणाऱ्या ताई मला म्हणाल्या, अगं, मी उठू कशाला? मांडीवर ताट आहे, तांदूळ सांडतील ना. मी म्हटलं ताट आधी खाली ठेवा. त्या म्हणाल्या, असलं ऐकल्यावर बाई ताट नीट खाली ठेवून उठते का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीओपी, म्हणजे कॅमेरामन, घड्याळ दाखवत होता, वीस-पंचवीस मिनिटांचा उजेड शिल्लक. स्टुडिओत असते तर मी तो सीन घरी नेला असता, चार दिवस चार प्रकारे करून बघितला असता. इथे चार दिवस नव्हते. मी म्हटलं ठीक आहे, बसूनच राहा, करा तुम्हाला वाटेल ते. टेक सुरू झाला, मुलाने निरोप सांगितला, आणि त्या काही बोलल्याच नाहीत, वरही बघितलं नाही, बोटं तांदळात फिरत होती ती एका खड्यापाशी थांबली, तो खडा त्यांनी उचलला आणि टाकलाच नाही, चिमटीत धरून बसून राहिल्या.

हा टेक मी लांबून, अख्खी ओसरी दिसेल अशा मास्टर शॉटमध्ये घेतला होता. आणि इथे मला माझी नऊ वर्षं उपयोगी आली, हे मी खात्रीने सांगते. मी लगेच कॅमेरा ताटावर, चिमटीवर, अगदी खाली न्यायला सांगितला, कारण हात हेच या सीनचं तोंड आहे हे मला क्षणात दिसलं, मी हात ॲनिमेट करण्यात आयुष्यातला इतका काळ घालवलाय की थांबलेलं बोट आणि थबकलेलं बोट यातला फरक मला झोपेतही कळेल. उजेड संपायच्या आत एक क्लोजअप मिळाला, एकच. बोर्डवरचे अकरा शॉट होते, त्यातले दोन घेतले, बाकीचे राहिले ते राहिलेच. ताईंनी मला अभिनय शिकवला असं मी म्हणणार नाही, तो थोडाफार माहीत होता. मला त्या संध्याकाळी शिकायला मिळालं ते माझा बोर्ड खिशात घालणं, आणि तेही घड्याळ चालू असताना. हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि ते आलं नाही तर उरलेल्या सगळ्या कौशल्याचा फायदा होत नाही.

म्हणून मला तिसऱ्या बाजूचा, त्या 'खऱ्या सिनेमात आला' वाल्यांचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते कौतुक करतायत असं त्यांना वाटतं. माझी मावशीसुद्धा मी सेटवर जायला लागल्यावर म्हणाली, चला, कार्टून सुटलं एकदाचं. जणू ते व्यसन होतं. ही शिडी कुणी ठरवली? बर्ड २०१८ मध्ये परत 'इन्क्रेडिबल्स'कडे आला, स्टँटन २०१६ मध्ये परत 'निमो'च्या माशांकडे आला आणि त्यानंतर टीव्हीवर माणसांनाही दिग्दर्शित करत राहिला, भीमसेन 'घरौंदा'नंतर परत चित्रांकडे वळले. ज्याने वर जाऊन गच्ची गाठली तो खाली कशाला येईल? ही ये-जा आहे, मराठी नाटकवाला सिनेमात जातो आणि परत नाटक करतो तशी. आणि २०२५ मध्येच 'महावतार नरसिंह'ने आपल्याकडची थिएटरं भरून दाखवली, तेव्हा ॲनिमेशन ही मुलांची पायरी हे वाक्य तरी आता थांबायला हवं. बढती म्हटलं की दोन वाईट गोष्टी होतात. जो जातो तो मागचं सगळं टाकून जातो, फ्रेमचं भान, मोजलेला वेळ, खोलीचा नकाशा, आणि सेटवर इतरांसारखाच एक नवखा होतो. आणि जो मागे राहतो त्याला वाटायला लागतं की आपण मागे राहिलो.

निर्मात्यांना माझं मागणं साधं आहे. पहिल्याच वेळी ॲनिमेटरच्या हातात डोंगराएवढा सिनेमा देऊ नका, चार भिंतींतला द्या, थोड्या नटांचा, आणि शूटिंगच्या आधी दोन आठवडे तालमीला द्या, कारण परत परत करून बघायची त्याची भूक तालमीत भागते आणि तिथे चूक स्वस्त असते. प्रायोगिक नाटकवाले पन्नास वर्षं हेच करतायत, पुण्या-मुंबईत तालमीच्या जागा आहेत, नट आहेत, वेळ देणारे लोक आहेत. आमच्या स्टुडिओच्या गल्लीपासून ती तालीम चालत दहा मिनिटांवर असते आणि नऊ वर्षांत माझ्याबरोबरच्या किती जणांनी ती बघितली असेल? दोघांनी.

मला विचारणाऱ्या मुलामुलींना मी आता पोर्टफोलिओऐवजी एकच गोष्ट करायला सांगते. एक खोली, एक माणूस, चार तास, कुठलाही शॉट तीनपेक्षा जास्त वेळा घ्यायचा नाही, आणि घरी गेल्यावर काहीही दुरुस्त करायचं नाही, ना रंग, ना आवाज. मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या एका मुलीने आणलं, थ्रीडीची, दोन वर्षं फक्त वॉक सायकल, म्हणजे पात्रांचं चालणं, करतेय. तिचे वडील दुकानात बसून पंख्याचं वाइंडिंग करतायत, तांब्याची तार बोटांवरून फिरतेय, ते तिच्या आजीबद्दल काहीतरी सांगतायत आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वाक्याच्या मध्येच उठून गेले. तिने कॅमेरा बंद केला नाही. रिकामं स्टूल, अर्धवट गुंडाळलेली मोटर, हळूहळू सुटत जाणारी तार, आणि बाहेरून वडिलांचा भाव सांगणारा आवाज, कितीतरी वेळ. मग ते परत येऊन बसले, तार ओढून घेतली आणि आजीचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सांगायला लागले.